मालकांचं क्वार्टर

"आंघोळीला किती बादल्या लागतात?"

काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, लग्न झालंय का तेही नाही. बँकेनं माझी बदली बनारसला केली होती. शाखेतल्या एका साहेबांनी 'मराठी घर आहे, बालाजी घाटाच्या वरच, बघून या' म्हणून पत्ता दिला होता. गल्लीत तीनदा चुकून, एका सांडाला वाट देण्यासाठी भिंतीला पाठ चिकटवून, दोन बॅगा ओढत मी घामाघूम होऊन त्यांच्या दारात उभी होते.

"दोन," मी म्हटलं. "केस धुवायचे असले तर तीन."

"केस आठवड्यातून किती वेळा?"

मी सांगलीची, आणि जीभ तशीही आवरत नाही. म्हटलं, "काका, खोली द्यायचीय की माझे केस कापायचेत?"

आतून खळखळून हसण्याचा आवाज आला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "घ्या हो हिला ठेवून. आधीचा किरायेदार तर तोंडच उघडायचा नाही. आणि नळ पण बंद करायचा नाही."

अशी मी त्या घरात राहिले, चांगली चार वर्षं.

काका उंच, काटकुळे. आखूड धोतर, जानव्याला टाकीच्या खोलीची किल्ली आणि कमरेला खोचलेला पाना. पाणीपुरवठा खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, पण पाना काही निवृत्त झाला नव्हता. कुणाच्याही घरी गेले की आधी नळाखाली कान लावायचे. "वॉशर गेलाय," म्हणायचे आणि चहा येईपर्यंत बदलून मोकळे. काकू म्हणायच्या, "ह्यांना देवळात पण मूर्तीच्या आधी नळ दिसतो." ते खरंच होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. उगीच सभ्य शब्द शोधत बसत नाही. काकांच्या घरातली सर्वांत चांगली खोली, खालची, जिच्या खिडकीतून गंगा दिसायची, तिथं त्यांनी संडास बांधले होते. दोन. आणि एक मोरी, कपडे बदलायला आडोसा, भिंतीत खुंट्या. गल्लीकडे स्वतंत्र दार पाडलेलं, आणि दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी: 'माताओं-बहनों के लिए। घंटी बजाएँ। नल ठीक से बंद करें।'

ज्यांनी काशीला एखादी म्हातारी आई किंवा मावशी आणली असेल त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. घाटावर सगळं मिळतं. फुलं मिळतात, होडी मिळते, फोटो काढणारा मिळतो. पण सकाळी चारला बसमधून उतरलेल्या, थंडीनं काकडलेल्या बाईला जी एक गोष्ट हवी असते ती मिळत नाही, आणि ती कुणाला विचारायची तिला लाजही वाटते. कार्तिकात तर आमच्या बाजूच्या घाटांवर बायकांचा नुसता पूर असतो. काकांची घंटी त्या महिन्यात शांत म्हणून राहायची नाही.

आणि हे सगळं साफ कोण करायचं? काका. स्वतः. पहाटे, दुपारी, संध्याकाळी. नोकर नाही, बाई नाही. लाल गमछा गुंडाळायचा, पाटीवर 'सफाई चल रही है' अशी दुसरी पाटी अडकवायची, आणि आत शिरायचं. आतून खराट्याचा आणि विष्णुसहस्रनामाचा आवाज बरोबरच यायचा. त्यांचं मोजमाप ठरलेलं होतं. तीनशे नावं फरशीला, दोनशे-दोनशे संडासाच्या भांड्यांना, उरलेली भिंती आणि मोरी. मी एकदा विचारलं, "काका, तिथं देवाचं नाव कसं घेता हो?"

"का? तिथं ऐकू जात नाही का त्यांना?"

मग आंघोळ, पांढरा गमछा, आणि देवघर. तिथं पुन्हा तेच सहस्रनाम, पण सावकाश.

देवाला ते देव म्हणत नसत, मालक म्हणत. हे भाबडेपणानं नव्हे, अगदी खात्यातल्या भाषेत. सगळी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये गेली होती, त्यामुळे त्यांच्या डोक्यात जगाची मांडणीच तशी बसली होती. घर क्वार्टर. शरीर क्वार्टर. पेन्शन, पाण्याचं कनेक्शन, काकूंच्या हातची चव, सगळं मालकांनी कामासाठी अलॉट केलेलं. "बेटा, क्वार्टरमध्ये आपण खिळा ठोकताना पण दहा वेळा विचार करतो की नाही? उद्या बदलीचा ऑर्डर आला तर जसंच्या तसं सोपवावं लागतं. नुसतं जसंच्या तसं नाही, ज्या कामासाठी दिलं ते काम झालं का, ते पण बघतात."

आमच्या गल्लीतली निम्मी घरं आता होमस्टे झाली आहेत. एक गेस्टहाउसवाला काकांच्या मागे हात धुऊन लागला होता. गंगा दिसणाऱ्या खोलीत संडास बघून त्याला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. मोबाइलवर फोटो दाखवायचा, अशी गादी टाकू, असे पडदे लावू, परदेशातनं लोक येतील. काका शांतपणे म्हणाले, "घर हमारा नहीं है भाई. मालिक से पूछना पड़ेगा." तो बिचारा चार दिवसांनी माझ्या बँकेत हजर. "मैडम, ओनर का नंबर दे दीजिए, हम उन्हीं से बात कर लेंगे." मी इतकी हसले की कॅशियर उठून बघायला आला.

माझं आणि त्यांचं भांडणही व्हायचं, खोटं कशाला सांगू. छतावर तीन टाक्या. पहिली भरायची दारच्या बायकांची, दुसरी माझी, तिसरी त्यांची स्वतःची. वीज गेली, मोटर बंद पडली की तिसरी कोरडी. मग काका गंगेवर जाऊन डुबकी मारून यायचे आणि काकू शेजारून दोन बादल्या आणायच्या. एका रविवारी मी केसांना शिकेकाई लावून बसलेली आणि माझीही टाकी संपली. मी तणतणत खाली आले. म्हटलं, "काका, भाडं मी देते! त्या बायका काय देतात?"

त्यांनी वर पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "आशीर्वाद देतात. तो पण मी घेत नाही, पुढे पाठवतो." आणि स्वतःच्या पूजेसाठी भरून ठेवलेला गंगेचा हंडा उचलून माझ्यासमोर ठेवला. "घ्या. धुवा केस."

गंगाजलानं शिकेकाई धुणारी मी सांगलीतली पहिलीच असेन. त्यानंतर मी दोन बादल्यांच्या वर गेले नाही.

कौतुक मात्र त्यांना चालायचं नाही. एकदा बिहारकडच्या बायकांनी जाताना दाराच्या उंबऱ्याला कुंकू लावलं, फुलं वाहिली. काका भडकले. "ये पूजा-वूजा नहीं करना! नल बंद किया? पहले नल देखो!" बायका हसत हसत पळाल्या. काकू मला म्हणाल्या, "बघ, लोक देव करायला निघालेत ह्यांना, आणि ह्यांचं लक्ष वॉशरमध्ये."

एक गोष्ट मात्र काकांची स्वतःची होती. म्हणजे तेही तिला स्वतःचीच समजत, मालकांची नाही. आमच्या मराठी मंडळींचं गल्लीच्या टोकाला लक्ष्मीनारायणाचं छोटंसं देऊळ आहे. कार्तिकातल्या द्वादशीला तिथं उत्सव असतो. सकाळी अभिषेक, दुपारनंतर पालखी. अभिषेकाचा मान काकांच्या घराण्याचा, खापरपणजोबांपासून. त्या दिवशी काका वेगळेच दिसायचे. रेशमी सोवळं, कपाळावर गंध, कमरेला पाना नाही. एक धार धरायचे ती पुरुषसूक्त संपेपर्यंत तुटायची नाही. मी पहिल्या वर्षी बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचंही भान नव्हतं. "ह्यांना दुसरं काही नको असतं गं," काकू म्हणाल्या होत्या. "दागिना नाही, कपडा नाही, कुठं जाणं-येणं नाही. वर्षातला हा एक दिवस."

तो दिवस काढून घेतला गेला, ते माझं तिथलं तिसरं वर्ष.

उत्सवाला आठ-दहा दिवस असताना देवळाचे अध्यक्ष घरी आले. काकांचे वर्गमित्र, एकमेकांना अरे-तुरे. चहा झाला, हवापाण्याचं झालं. मग अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "हे बघ, मला स्वतःला काही तकलीफ नाही. पण मंडळी बोलतात. दिवसातून तीनदा तू ते काम करतोस आणि त्याच हातानं मूर्तीला स्नान. लोकांना ते पटत नाही."

"आंघोळ करतो की मध्ये."

"अरे, ते आम्हाला माहीत आहे. म्हणून तर मधला रास्ता काढलाय. सफाईला एक माणूस ठेव. त्याचा पगार देऊळ देईल. बाकी सगळं जसंच्या तसं."

मी जिन्यात उभी राहून ऐकत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, घ्या काका, हो म्हणा. काय वाईट आहे त्यात?

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माणूस ठेव म्हणजे कोणाला ठेव, ते तुला पण माहीत आहे, मला पण. त्यानं साफ केलं तर मालक शुद्ध राहणार आणि मी केलं तर बाटणार? आणि त्यानं विचारलं, की उत्सवाला देवळात येऊ का, तर काय सांगायचं?"

अध्यक्ष उठून चपला घालायला लागले.

"दोन दिवस दे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेले तर ते पायऱ्यांवर एकटेच बसलेले. मी शेजारी टेकले. आणि त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली, जे तोवर काकूंशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"नोकरी संपली त्याच साली, बेटा. असाच कार्तिक. द्वादशीची सकाळ. मी सोवळ्यात, अभिषेकाचं पाणी घेऊन वर चाललो होतो. आपल्याच दाराशी एक म्हातारी उभी होती. कुठल्या देहातातली. तिची माणसं पुढे निघून गेलेली. म्हणाली, बाबू, तनिक अंदर जाने दो. मला समजलं तिला कशाला जायचंय. पण मला छूत लागली असती. पुन्हा स्नान, पुन्हा पाणी भरणं, मुहूर्त टळला असता. मी म्हटलं, आगे जाओ. आणि ती शिवेल म्हणून कलश असा बाजूला केला."

त्यांनी हात तसा केला. पंधराएक वर्षांनंतरही हाताला ते आठवत होतं.

"अभिषेक झाला. परत आलो तर ती इथं बसलेली. ह्या पायरीवर. तिला थांबता आलं नव्हतं. साडी ओली, तोंडावर पदर. लोक नाक धरून बाजूनं जात होते. उठायलाच तयार नाही. तुझ्या काकूनं खाली येऊन तिला धुतलं, स्वतःचं लुगडं नेसवलं. जाताना ती मला काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. मालकांनी काय दिलं नव्हतं मला? नळ दिला, घर दिलं, उतार मोजायची अक्कल दिली. सगळी जिंदगी शहराला पाणी दिलं, आणि दारात आलेल्या एका बाईला दिलं नाही. का, तर मी त्यांचा अभिषेक करायला चाललो होतो."

मला रडू आवरेना. म्हटलं, "काका, इतकी वर्षं केलंत ना. आता माणूस ठेवला तर कोण तुम्हाला नावं ठेवील?"

"कोणी नाही. पण काम मला सांगितलंय गं. ते मी खाली ढकललं आणि मान तेवढा वर ठेवला, तर मग त्या दिवशीचाच मी परत झालो ना?"

त्याच दिवशी त्यांनी नकार कळवला. मान गेला. तो त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघायला नको.

अभिषेक अध्यक्षांच्या मेव्हण्यांनी करायचा ठरलं. पन्नाशीचे, गरीब स्वभावाचे गृहस्थ. ते दुसऱ्याच दिवशी काकांकडे तोंड पाडून आले, की मला धार धरता येत नाही, हात कापतो. मी असते तर दार लावून घेतलं असतं. काकांनी त्यांना तीन दिवस मोरीत उभं करून शिकवलं. तांब्या कसा धरायचा, मनगट कुठं टेकवायचं, श्वास कुठल्या शब्दाला घ्यायचा. शेवटी स्वतःचं पिढीजात अभिषेकपात्र फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिलं. काकूंनी ते बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागल्या.

काकूंना खरा घोर दुसराच होता. पालखी दरवर्षी आमच्या दारासमोर थांबायची. काका भोयांच्या पायांवर पाणी घालायचे, काकू ओवाळायच्या. त्या वर्षी मंडळींनी ठरवलं की आमच्या दारी थांबायचं नाही, सरळ पुढे जायचं. "ह्यांनी अभिषेक करायचा नाही, ते एक वेळ ठीक," काकू म्हणाल्या. "पण देव माझ्या दारावरून मान फिरवून जाणार? असं मी काय केलं गं?" काका एवढंच म्हणाले, "जाऊ दे. त्यांना पण घाई असेल." पण त्या रात्री ते जेवले नाहीत असं काकूंनी मला सांगितलं.

द्वादशीच्या सकाळी मी वर कपडे वाळत घालायला गेले. काका टाकीला टेकून बसले होते. देवळातली घंटा ऐकू येत होती. त्यांचे ओठ हलत होते, आणि उजवा हात, त्यांच्या नकळत, धार धरल्यासारखा पुढे आला होता. मी आवाज न करता खाली आले. त्या वेळी मला त्या सगळ्या मंडळींचा असा राग आला होता की उत्सवाला जायचंच नाही असं मी ठरवलं.

दुपारी बायकांची ही गर्दी. मीच बँकेला सुट्टी टाकून दारात रांग लावत होते. "एक एक करके, माताजी, धक्का नहीं." काका लाल गमछा लावून बादली घेऊन आत-बाहेर करत होते. तेवढ्यात टाळ ऐकू आले. पालखी घाटाकडून वर गल्लीत शिरली होती. काकू पदर सावरून ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. हातात निरांजन नव्हतं. रिकामे हात जोडलेले.

आमची गल्ली ती केवढी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं तिरकं व्हायचं. बायका भिंतीला चिकटल्या, पालखीला वाट झाली. पण आत नुकतीच एक म्हातारी गेली होती. कमरेत वाकलेली, दोन्ही गुडघे गेलेले. दाराला लागूनच्या संडासात सुनेनं तिला एका हातानं धरलेलं, दोघी मिळून आत मावेनात, म्हणून दार बाहेरच्या बाजूला सताड उघडं आणि दुसऱ्या हातानं सुनेनं साडीचा पडदा धरलेला. ते दार आणि तो पडदा मिळून सगळी गल्ली अडली होती.

टाळ थांबले. अध्यक्ष पुढे आले. "दार लावून घ्या. पालखी जाऊ द्या."

सून घाबरली. आतून म्हातारीचा आवाज आला, "का भइल?" आणि ती धडपडत उठायला लागली.

"बैठिए माताजी, आराम से," काका म्हणाले. ते दाराला पाठ करून पालखीसमोर उभे राहिले. अंगावर तो लाल ओला गमछा, हातात बादली. अध्यक्षांकडे त्यांनी बघितलंच नाही. पालखीतल्या मूर्तीकडे बघून, साहेबाला सांगावं तशा अदबीनं म्हणाले, "मालक, जरा थांबावं लागेल. आत बाई आहेत."

अध्यक्ष एक पाऊल मागे सरले. भोयांनी खांदे बदलले. आतून नळाचा आवाज येत होता, भरपूर आणि सावकाश, आणि तो बंद होईपर्यंत सगळी मिरवणूक, छत्री, चवऱ्या, अभिषेकाचा तो थोर मान मिळालेले मेव्हणे, सगळे त्या दारासमोर उभे राहिले. ओट्यावर काकू हुंदके देत होत्या.

बऱ्याच वेळानं पडदा हलला. सुनेच्या खांद्याला धरून म्हातारी बाहेर आली, आणि समोर हातभर अंतरावर फुलांनी भरलेली पालखी बघून जागच्या जागी थबकली. तिनं मूर्तीकडे बघितलं, गोळा झालेल्या माणसांकडे बघितलं, मग काकांकडे.

"ए बाबू," ती म्हणाली, "भगवान हमरे लिए रुके हैं का?"

"हाँ माताजी," काका म्हणाले. "आप ही के लिए."

आणि बादली घेऊन ते आत गेले.